मुकादम माझा आहे

सोमवार, ४ तारीख

हजेरीची वही रिकामी पडली म्हणून हिच्यात लिहिते. आठ उन्हाळे मी या वहीत पोरींची हजेरी घेतली. आली तर उभी रेघ, नाही आली तर शून्य. आता हजेरी मोबाईलवर घेणार. वही टाकून द्या म्हणाले मंडळाचे चिटणीस. मी नाही टाकणार. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, एवढं लिहिता येतं. कुणाला दाखवायचं नाहीच आहे.

तर आज नवीन कोच आली.

माझं काम म्हणजे मैदान झाडणं, पाणी मारणं, टाकी भरणं, कुलपं लावणं. पण पोरींना नेटबॉलही मीच शिकवते. शिकवत होते. आधी एक सर होते. दोन उन्हाळे शिकवलं आणि नोकरी लागली तसे निघून गेले. रिंगा राहिल्या, बॉल राहिले, पोरी राहिल्या. सरांचे बॉल उचलून देता देता मी सगळं बघितलं होतं. बॉल हातात आला की पळायचं नाही. तीन मोजायच्या आत दुसरीला द्यायचा. समोरचीच्या अंगावर जायचं नाही, हातभर लांब उभं राहायचं. यात शाळा काय शिकायची आहे? दुसऱ्या दिवशी पोरी आल्या, मी शिकवायला लागले. कुणी शिकव म्हणालं नाही, नको पण म्हणालं नाही.

आता मंडळाला वाटलं की शिकलेली पाहिजे. तिशीतली असेल. केस कापलेले, गळ्यात शिट्टी. आल्या आल्या आधी माझ्या कुत्र्यापुढे गुडघे टेकले.

"हा कोण?"

"मुकादम!" सगळ्या पोरी एकदम ओरडल्या. "तो काहीच काम करत नाही, नुसता बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतो."

ती हसली. मुकादमने शेपूट हलवलं. मुकादम अनोळखी माणसाला शेपूट हलवत नाही. मी मनात म्हटलं, लक्षात ठेवीन हं मुकादम.

मंगळवार, ५

शिट्टीवालीने पोरींना छातीवर घालायला कापडी पाट्या आणल्या. त्यावर इंग्रजी अक्षरं. कुणी कुठे उभं राहायचं ते त्यावरून कळतं म्हणे. मी माझी नावं ठेवली होती. राखणीची, मधली, कडेची, टाकणारी. आठ वर्षांत कुणाची जागा चुकली नाही. आज एकीला म्हटलं, "ए मधले, इकडे ये गं," तर म्हणते, "मावशी, मी आता सी आहे."

सगळ्या खिदळल्या. शेंग पण खिदळली.

शेंग म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची पोर. बहीण कामाला परगावी असते, महिन्या-दोन महिन्यांनी येते. शेंग तीन वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे, आता बारावं लागलं. शेंगेसारखी लांब आणि बारीक वाढली म्हणून शेंग. रिंगेत बॉल टाकायला तिच्यासारखी दुसरी नाही. बाकीच्या हसल्या ते हसल्या. तिने हसायला नको होतं.

शुक्रवार, ८

सरावाची वेळ बदलली. संध्याकाळी चार ते सहा असायचा, आता सकाळी साडेसहा ते साडेआठ. चार वाजता कोर्ट तापलेलं असतं म्हणे. तिने सगळ्यांसमोर हाताची पालथी बाजू सिमेंटवर टेकवली आणि मोजायला लागली. पाचाला हात उचलला.

"माझा हात टिकत नाही, मग मुकादमचे पाय कसे टिकतील? त्याला कुठे बूट आहेत?"

झालं. पोरी लागल्या त्याचे पंजे उलटेपालटे करून बघायला. तो मेला पाठीवर पडून चारी पाय वर. डॉक्टर तपासायला आलेत जसे.

मी म्हटलं, "अहो मॅडम, नऊ वर्षं चालतोय तो या मैदानावर. अजून तरी भाजला नाही."

"मावशी, तेव्हा तरुण होता ना. आता वय झालंय, अंगाने भरलाय, त्यात नाक आखूड. अशांना ऊन लवकर बाधतं. त्यांना आपल्यासारखा घाम नाही येत. धापा टाकतात तेवढीच काय ती सुटका."

माझ्या कुत्र्याला घाम येतो की नाही ते मला सांगते.

मागच्या फाटकाची किल्लीही चिटणीसांनी माझ्याकडून घेऊन तिला दिली. सकाळी ती आधी येते म्हणून. "तुम्हाला तेवढाच आराम, मावशी," म्हणाले. आठ वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला होती. आज दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं चाचपत होते.

रविवार, १०

सुट्टी. शेंग घरी. कोच आता तिची ताई झाली.

ताई म्हणते, पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. ताई म्हणते, बॉल टाकताना गुडघ्यातून जोर काढायचा. ताई म्हणते, दुपारी कुत्र्याला फिरवायचं नाही. ताई म्हणते, चहा लहान मुलांना चांगला नाही. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारत गेले. दुपारच्या जेवणापर्यंत चौदा झाल्या.

"ही कसली गं हजेरी?" शेंगेने विचारलं.

"तुझ्या ताईची," मी म्हटलं. "आज एकदाही गैरहजर नाही बाई."

ती रुसली. मी पण रुसले. मुकादम आमच्या दोघींच्या मध्ये बसून कोणाच्या ताटातून काही पडतंय का ते बघत होता.

बुधवार, १३

आज मुकादम तिच्याकडे जाऊन बसला.

नऊ वर्षं त्याची बसायची जागा ठरलेली. पोरी खेळतात तेव्हा मी कोर्टाच्या कडेला बादली उलटी टाकून बसते, तो माझ्या पायावर हनुवटी टेकतो. आज मी बसले तर तो पलीकडे. तिने बॉलच्या पिशवीशेजारी जुनी चादर भिजवून अंथरली होती आणि पसरट घमेल्यात पाणी. तो चादरीवर पोट टेकून पसरला होता, मागचे पाय बेडकासारखे लांब करून. मी "मुकादम!" म्हटलं. त्याने कान हलवला. नुसता कान.

एक पोरगी म्हणाली, "मावशी, तो आता ताईंचा मुकादम झाला."

मी म्हटलं, "तुझी आई उद्या माझी बहीण झाली तर चालेल का तुला?" तिला काही कळलं नाही. मलाही नाही कळलं मी काय बोलले ते. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

गुरुवार, १४

शिट्टीवाली सराव संपल्यावर माझ्याकडे आली. मी झाडत होते, थांबले नाही. ती झाडूच्या मागे मागे चालत बोलत होती.

"मावशी, या मुलींचे हात फार छान आहेत. बॉल पकडताना आवाजच येत नाही. मी बऱ्याच ठिकाणी शिकवलं, इतक्या लहान मुलींचे असे हात नाही पाहिले. तुम्हीच शिकवलंत ना? मला दाखवाल कसं शिकवता ते?"

मी म्हटलं, "मला काय येतंय मॅडम. मी झाडूवाली."

"तसं नका म्हणू."

"धूळ जातेय तुमच्या अंगावर. बाजूला व्हा."

बाजूला झाली. आता माझ्याकडून शिकून घेऊन तेही आपलंच म्हणून सांगेल. मी काय दुधखुळी आहे?

शनिवार, १६

आज नखांचं झालं.

नेटबॉलमध्ये नखं वाढवून चालत नाही, समोरचीला ओरखडे येतात. सर असल्यापासूनचा नियम आहे. दर शनिवारी मी शेंगेची नखं कापते. ती अंगठा देत नाही, गुदगुल्या होतात म्हणते, मग मी तिचा हात काखेत दाबून धरते आणि ती ओरडत असते. तीन वर्षांची होती तेव्हापासून असंच.

संध्याकाळी नेलकटर घेऊन हाक मारली. ती म्हणाली, "झाली कापून. सकाळी ताईने सगळ्यांची कापली."

"अंगठ्याचंही?"

"हो."

"ओरडली नाहीस?"

"नाही. ताई हळू कापते."

नेलकटर डब्यात ठेवून दिलं. डब्याचं झाकण लागत नव्हतं, जोर लावला तर वाकलं.

सोमवार, १८

मुकादम दवाखान्यात आहे. आज लिहीत नाही.

मंगळवार, १९

लिहायलाच पाहिजे. कुणाला तरी सांगायला पाहिजे आणि वहीला तोंड नाही.

काल सकाळी मी मुकादमला बांधला. म्हटलं, बघू कसा जातो तिच्याकडे. पंपाच्या खोलीमागे, उगवतीच्या बाजूला, खिडकीच्या गजाला निळी दोरी लावून बांधला. ती त्याची जुनी जागा आहे. दर संध्याकाळी सराव झाला की आम्ही दोघं तिथेच बसतो. भिंतीची सावली पडते, जमीन गार असते, तो झोपतो, मी पाय चोळते. पाण्याचं भांडं ठेवलं. साडेसहा वाजले होते, ऊन कुठेच नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवलं. मी म्हटलं, बस इथे. आपल्या जागेवर बस.

मग मी बाजारात गेले. एका रिंगेची जाळी फाटली होती. शिट्टीवाली म्हणाली होती की मागवलीये, यायला पंधरा दिवस लागतील. मला दाखवायचं होतं. पुलापलीकडे एक म्हातारा जाळी विणून देतो, मला माहीत होतं, तिला नाही. त्याचं दुकान नऊला उघडलं. त्याने विणायला घेतली. मी समोर बसून राहिले, हलले नाही, कारण हललं की तो दुसऱ्याचं काम हातात घेतो. मैदानात परत आले तेव्हा अकरा वाजायला आले होते. जाळी हातात. मी मनातल्या मनात बोलत होते, घ्या मॅडम, तुमचे पंधरा दिवस.

ती सावली संध्याकाळची आहे. सकाळी त्या भिंतीवर सगळं ऊन असतं. सात वाजल्यापासून ते डोक्यावर येईपर्यंत. मी आठ वर्षं तिथे बसते आणि सकाळी एकदाही बसले नाही. सराव संध्याकाळचा होता ना.

भांडं पालथं पडलं होतं. मुकादम आडवा. जीभ बाहेर, काळपट लाल, तोंडातून चिकट फेस. भाता फुंकल्यासारखं पोट हलत होतं. मी आले तर उठायला गेला आणि मागचे पाय दुमडले. मी दोरी सोडली. बोटांनी सुटेना, दातांनी गाठ सोडली. ओढत ओढत त्याला नळाजवळ सावलीत आणलं. पोतं भिजवलं आणि त्याच्या अंगावर घातलं, वर आणखी एक. आणि ओरडले. काय ओरडले आठवत नाही.

शिट्टीवाली आणि शेंग पळत आल्या. त्या हॉलमध्ये होत्या, शेंग जादा सराव करत होती. शिट्टीवालीने आधी पोती उचलून फेकली.

"झाकू नका! आतली वाफ आतच राहते. नुसतं पाणी ओता. ओतत राहा."

तेव्हाही मला राग आला. खरं लिहायचं तर लिहिते. कुत्रा मरतोय आणि मला राग येतोय की माझी पोती फेकली.

शेंगेने पाइप धरला. पोटावर, मांड्यांच्या मध्ये, मानेवर. शिट्टीवाली पुठ्ठ्याने वारा घालत होती, मध्येच त्याचे ओठ वर करून हिरड्या बघत होती. मानेजवळ तिचा हात थांबला. "इथले केस असे चेपलेत कशाने?" म्हणाली.

"पट्टा असेल."

"पट्टा तर तुम्ही काढून ठेवलाय ना, उकाडा म्हणून."

मी पाणी ओतत राहिले. तिने परत विचारलं नाही. धाप जरा खाली आल्यावर तिच्या गाडीत घातला, खिडक्या उघड्या ठेवून. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आधी गार करून आणलंत म्हणून जिवंत आहे, तसाच आणला असता तर वाटेतच गेला असता. मग विचारलं, "झालं कसं हे?"

शेंग माझ्याकडे बघत होती. डोळे एवढे मोठे.

मी म्हटलं, "फाटकातून बाहेर गेला असेल. मागचं फाटक उघडं राहिलं असेल. रस्त्यावर हिंडला असेल उन्हात."

फाटकाची किल्ली कुणाकडे ते सगळ्यांना माहीत आहे.

शिट्टीवालीने मुकादमच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो तसाच ठेवून म्हणाली, "राहिलं असेल."

बुधवार, २०

मुकादम पाणी प्यायला. सलाईन चालू आहे, मूत्रपिंडांचं बघावं लागेल म्हणाले.

निळी दोरी कुठे गेली कळत नाही. मी तिथेच टाकली होती, आज झाडताना मिळाली नाही. दवाखान्यात जाताना शिट्टीवालीच्या गाडीत मागच्या सीटखाली तसलीच एक दिसली. तिला कशाला लागते कोण जाणे. बॉलची पिशवी बांधायला असेल. माझी दोरीसुद्धा सोडत नाही ही बाई.

गाडीत ती एकदाच बोलली. "मावशी, मला नऊच्या सुमाराला भुंकणं ऐकू आलं होतं. मला वाटलं, तुम्ही असाल त्याच्यापाशी. बघायला हवं होतं मी."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

शुक्रवार, २२

मुकादम घरी आला. पोटावरचे केस कापलेत. ओट्याखाली लादीवर पडून असतो.

चिटणीस स्वतः घरी आले. फाटक उघडं राहणं म्हणजे साधी गोष्ट नाही म्हणाले. आत सहा वर्षांच्या पोरी असतात, बाहेर मालाच्या गाड्या जातात. आईबाप खवळलेत. रविवारी बैठक आहे. "तिने कबूल केलंय, त्यामुळे काढावंच लागेल. पुढचं तुम्हीच बघा आधीसारखं. संध्याकाळी घ्या." किल्ली माझ्या हातात दिली.

आणि शेंग.

शेंगेने तिची कापडी पाटी चुलीजवळच्या कचऱ्यात टाकली. सरावाला जात नाही. ताईचं नाव घेतलं की कानावर हात ठेवते. काल माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, दोन वर्षांत झोपली नव्हती. स्वतःहून नखं पुढे केली. वाढली नव्हती तरी कापली मी. अंगठ्याला ओरडली पण.

मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. एक एक करून सगळं परत आलं. मुकादम, किल्ली, पोरी, शेंग.

झोपताना ती म्हणाली, "तू तिथे असतीस ना मावशी, तर मुकादमला काहीच झालं नसतं."

"झोप."

"तू कधीच त्याला असं होऊ दिलं नसतंस."

"झोप म्हटलं ना!" इतक्या जोरात ओरडले की मुकादमने मान वर केली.

आज सकाळी परत तेच. मग जेवताना. मग बहिणीचा फोन आला तर तिलाही तेच. ताई म्हणते, ताई म्हणते होतं तेव्हा मी भिंतीवर रेघा मारल्या होत्या. हे मोजायची हिंमत नाही.

रविवार, २४

बैठक मंडळाच्या ऑफिसात होती. घडीच्या खुर्च्या मीच लावल्या. मला चहा द्यायला बोलावलं होतं. शेंग दाराशी उभी होती, तिला ऐकायचं होतं ताईला काय शिक्षा होते ते.

एक आई उभी राहून बोलत होती. "माझी मुलगी सात वर्षांची आहे. ती गेली असती बाहेर तर? कुत्र्यावर भागलं म्हणून सोडून द्यायचं?"

शिट्टीवाली म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. जबाबदारी माझी होती. मला दुसरं काही म्हणायचं नाही." चेहरा उतरला होता. गळ्यात शिट्टी नव्हती. शिट्टीशिवाय एवढीशी दिसत होती, शेंगेपेक्षा फार मोठी नाही.

मी चहाचा ट्रे घेऊन मधोमध होते.

मी म्हटलं, "फाटक बंद होतं."

चिटणीस म्हणाले, "मावशी, तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही विचारलं. म्हणून तर सहा दिवस गप्प राहिले."

ट्रे जड झाला होता, पण ठेवायला जागा नव्हती. म्हटलं, "कुत्रा कुठेही गेला नव्हता. मी बांधला होता. पंपाच्या खोलीमागे. सावली आहे असं वाटलं मला. सकाळी नसते तिथे. बांधून मी बाजारात गेले. या बाईंनी फाटक लावलेलंच होतं. मागून आले असते तर बाहेरून हाका मारून उघडून घ्यावं लागलं असतं, म्हणून मी पुढच्या दाराने आले."

"पण बांधला कशाला?" चिटणीसांनी विचारलं. "कधी बांधत नाही तुम्ही त्याला."

"तिच्याकडे जाऊन बसतो म्हणून."

कुणाचा तरी बाप हसला. मी त्याच्याकडे बघितलं तसं त्याने हसू गिळलं. म्हटलं, "हसा. मला तिचं सगळं डोळ्यांत खुपत होतं. तिची शिट्टी खुपत होती, चादर खुपत होती. मी खोटं बोलले. आता चहा घ्या, निवतोय."

कुणी घेतला नाही.

शिट्टीवाली माझ्याकडे बघत होती. तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. बाकीचे तोंड उघडून बसले होते आणि ही आपली शांत, जशी मी तिला रोजची हजेरी वाचून दाखवते आहे. अजब बाई आहे.

मी दाराकडे बघितलं. शेंग तिथे नव्हती.

मंगळवार, २६

कोच राहिली. किल्ली मी दिली चिटणीसांच्या हातात, त्यांनी मागायच्या आधी. उन्हाळा संपेपर्यंत मुकादमने मैदानात यायचं नाही असं ठरलं. मला काढलं नाही. झाडायला दुसरं कुणी मिळालं नसेल.

शेंग माझ्याशी बोलत नाही. कचऱ्यातून पाटी काढून धुतली, सरावाला जाते. घरात ती मुकादमशी बोलते, मला ऐकू जाईल असं.

"मुकादम, तिला सांग मला भूक नाही."

मी म्हणते, "मुकादम, तिला सांग ताट वाढलंय, माश्या बसताहेत."

"मुकादम, तिला सांग तिने कुणाच्या जेवणाची काळजी करायची नाही. तू तिच्या जिवावर राहिलास तर मरशील."

मुकादम काय सांगणार. तो आमच्याकडे आळीपाळीने बघतो आणि दमून डोकं खाली ठेवतो.

संध्याकाळी शिट्टीवाली आली. मुकादमच्या हिरड्या बोटाने दाबून बघितल्या, रंग लगेच परत येतो, बरं आहे म्हणाली. मी पाणी दिलं. ती मला म्हणाली, "मावशी, मुलींचे कॅच सुटायला लागलेत. सकाळी याल का?" महिना झाला नाही तेवढ्यात हिला दुसऱ्यांदा विचारायचंय. मी "बघू" म्हटलं. जाताना शेंग तिच्या गळ्यात पडली. अजूनही माझ्या पोटात कळ आली. एवढं सगळं झालं तरी आली. काय करणार, येते.

गुरुवार, २८

सकाळी सरावाला गेले. लहान पोरींना पकडायला शिकवलं. हात पुढे न्यायचे, बॉल आला की अंगाकडे घेत घेत यायचं, झोपलेलं बाळ दुसरीच्या हातून घेतात तसं. शिट्टीवालीपण रांगेत उभी राहून शिकली. तिचे हात ताठ आहेत. सांगितलं तिला तसं.

साडेआठला सगळ्या गेल्या. मी टाकी भरत होते. शेंग मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुठे बांधलं होतंस?"

चार दिवसांत पहिल्यांदा. मुकादम नव्हता मध्ये, माझ्याशीच.

"सांगितलं ना बैठकीत."

"दाखव."

मी पंपाच्या खोलीमागे गेले. ती माझ्या मागे. मी गज दाखवला. "इथे." भिंत ऊन ओकत होती. शेंग गजाखाली गेली आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसली.

"ऊठ गं."

"कितीला बांधलंस?"

"साडेसहाला."

"आणि आलीस कितीला?"

"अकराला. ऊठ शेंगे, चटका बसेल."

"बसू दे."

मी तिच्याशेजारी बसले. मी म्हटलं, बसायचं तर बसू. पाठ भाजत होती. ती समोर बघत होती. थोड्या वेळाने तिच्या वरच्या ओठावर घाम आला, मान लाल झाली. मला वाटलं आता उठेल. उठली नाही. मी म्हटलं, "मला बसू दे अकरापर्यंत. तू जा सावलीत." ती म्हणाली, "तू गप बस."

मग मला राहवलं नाही. मी उठले आणि तिला उचलली. बारा वर्षांची घोडी, पाय माझ्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते. ती मला मारायला लागली. खांद्यावर, पाठीवर, कानशिलावर. मुठी आवळून. "तो तुझी वाट बघत असेल! तो तुझीच वाट बघत असेल ना गं! तू सांगितलंस तिथेच बसला तो!" मी चालत राहिले. कंबरेतून कळ गेली, थांबले नाही. हॉलच्या पायऱ्यांवर सावलीत आणून ठेवली तेव्हा मारणं थांबलं होतं आणि ती माझ्या गळ्यात तोंड खुपसून रडत होती. हमसून हमसून. लहानपणी आईला सोडून आली तेव्हा रडली होती तशी. मीही रडले. माझं रडणं लिहिण्यासारखं नाही, नाकातून आवाज येतो.

पाणी प्यायली. तोंड धुतलं. पदराला पुसलं, माझ्याच.

मग म्हणाली, "मला अजून राग आहे."

"असू दे."

"खूप दिवस राहणार आहे."

"राहू दे."

पलीकडे कोर्टावर शिट्टीवाली बॉल पिशवीत भरत होती. तिने इकडे बघून हात केला. शेंगेने घाईघाईने डोळे कोरडे केले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी रडले ते ताईला सांगू नकोस हं."

नाही सांगणार. मेले तरी नाही सांगणार. एवढं एक शिट्टीवालीला माहीत नाही.